खांद्याने गुडघ्याकडून घेतलेलं उसनं

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर सकाळी दोम्मसंद्राच्या दिशेने निघालेला सायकलस्वार खड्ड्यात आदळून थेट खांद्याच्या टोकावर पडतो आणि कॉलरबोनचं बाहेरचं टोक कातडीखाली उचललेलं दिसतं. घरी कळवतात 'खांदा निखळला', पण दंडाचं हाड जागेवरच असतं. सुटलेला असतो वरचा एसी जॉइंट. कॉलरबोनला खवाट्याशी बांधून ठेवणारी लिगामेंट तुटलेली असतात. ऑपरेशन ठरलंच, तर आज बरेच सर्जन धातूची दोन चिमुकली बटणं आणि त्यांतून ओवलेला जाड धागा वापरतात. नंतरच्या एक्स-रेत धागा उमटत नाही, नुसती बटणं अधांतरी दिसतात. हे बटण मूळचं खांद्याचं नाही, गुडघ्याचं आहे.

आधीची वंशावळ थोडक्यात अशी: १८६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कूपरची चांदीची तार, १९४१ मध्ये बॉसवर्थचा कॉलरबोनमधून खालच्या कोरॅकॉइडमध्ये, म्हणजे खवाट्याच्या पुढे आलेल्या टोकात, जाणारा स्क्रू, १९७२ मध्ये वीव्हर आणि डन यांनी शेजारचं लिगामेंट वळवून केलेली दुरुस्ती आणि सत्तरच्याच दशकात जर्मनीतली हुक प्लेट.

बटण म्हणजे बॉसवर्थचाच स्क्रू, फक्त लवचीक केलेला, असं काहींचं म्हणणं. दिशा तीच, हाडंही तीच, म्हणून ते पटकन पटतं. मला पटत नाही. हात वर नेताना कॉलरबोन स्वतःभोवती फिरते. ताठ स्क्रूला ते सोसत नाही. तो सैल होतो, कधी तुटतो, म्हणून पुढे काढावा लागतो. त्या घराण्यात सुधारणा झाली असती, तर आणखी चांगला स्क्रू निघाला असता. बटणाची खरी करामत पालटण्यात आहे. नव्वदच्या दशकात गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या ऑपरेशनमध्ये नवा टेंडन मांडीच्या हाडातल्या बोगद्यात टांगायचा होता. बटण बोगद्यातून उभं जातं आणि पलीकडे कफलिंकच्या दांडीसारखं आडवं होऊन अडकतं. पुढे तीच युक्ती घोट्याच्या दोन हाडांना लागली आणि २००० नंतर खांद्याला.

दुसरा पुरावा टेंडनचा. सर्जन मॅझोका आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॉलरबोनच्या दुरुस्तीसाठी तपासलेला टेंडन मांडीच्या मागचा, एसीएलसाठी नेहमी घेतात तोच. ही ने-आण केली कुणी? माझ्या मते दुर्बिणीने ऑपरेशन करणाऱ्यांनी. गुडघा आणि खांदा एकाच सर्जनच्या पाटीवर असतात. सामान हाताशीच होतं.

उसन्याचं व्याजही आहे. कोरॅकॉइड लहान, त्यात भोक पाडलं की तो मोडण्याची भीती. बटण कॉलरबोनचं वर उचललं जाणं रोखतं, पुढे-मागे सरकणं तितकं नाही. हुक प्लेटचं दुखणं वेगळं: वरच्या हाडाला घासते, म्हणून काही महिन्यांनी ती काढायची. २०१५ मध्ये कॅनडातल्या चाचणीत तर दोन वर्षांअखेर प्लेटवाले बिनऑपरेशनवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. इजा ग्रेड एक-दोनची, म्हणजे हलकी असेल, तर झोळी पुरते आणि ग्रेड तीनवर सर्जनांचं आजही एकमत नाही. ऑपरेशन करायचंच, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बटण-धागा बहुधा भागवतो. त्यानंतर तुटलेली टोकं आपसूक जुळत नाहीत आणि गुडघ्याकडे टेंडनही मागावा लागतो.