टोमॅटोचे रोप आणि एका सूत्राचे भवितव्य

भाजीपिकांच्या शरीरक्रियाविज्ञानात ओरेगॉन कृषिमहाविद्यालयाच्या प्रयोगकेंद्राची १९१८ सालची १४९ क्रमांकाची पत्रिका महत्त्वाची मानावी लागते. टोमॅटोची फलधारणा नत्र आणि कर्बोदके यांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते, असे एझ्रा क्राउस व हेन्री क्रेबिल यांनी तीत प्रतिपादिले. नत्र विपुल झाल्यास पाला माजतो. फारच तुटल्यास वाढ व फळ दोन्ही खुंटतात. पुढे क्राउस विस्कॉन्सिन व शिकागो येथे अध्यापक झाले. परंतु १९२० साली गार्नर व अ‍ॅलर्ड यांनी फुलण्यावरील दिनमानाचा प्रभाव दाखविला. १९२६ साली मर्नीक यांनी वाढती फळेच नत्र ओढून रोपाची वाढ रोखतात, हे टोमॅटोवरच सिद्ध केले. मग ते प्रमाण कारण की परिणाम? सूत्र मागे पडले. ऊतींचे विश्लेषण करूनच रोपाविषयी बोलावे, ही शिस्त मात्र अध्यापनात टिकली.