जन्मतारखेची अठ्ठावीस वर्षे

मराठीत तुरुंगाचा इतिहास लिहिला गेला, तो बहुतांशी शिकलेल्या कैद्यांचा. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’. आम्हा रत्नागिरीकरांना तर तुरुंग म्हटला की अंदमानातून १९२१ साली इथे आणलेले सावरकरच आठवतात. ही माणसे विद्या घेऊन तुरुंगात गेली. फाशीची शिक्षा डोक्यावर असताना तुरुंगातच शिकलेल्या एका कैद्याची हकीकत मात्र न्यायालयाच्या दप्तरातच शोधावी लागते.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्यांतली एक स्त्री गरोदर होती. त्या कुटुंबाचे दुःख पुढच्या कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही. राजस्थानात पकडलेल्या आरोपींपैकी एकाची नोंद ‘नारायण चेतनराम चौधरी’ अशी झाली आणि खटला सज्ञान म्हणून चालला. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ती कायम केली.

गावच्या शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेला हा मुलगा येरवडा आणि नागपूरच्या तुरुंगांत शिकत राहिला. इंग्रजी शिकला, पदवी घेतली, समाजशास्त्रात एम.ए. झाला.

इथे आपण चटकन म्हणतो, माणूस सुधारला म्हणून सुटला. कागद तसे सांगत नाहीत. २०१८ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तो आपल्या वयाविषयी. न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी २०१९ मध्ये चौकशी केली. बिकानेर जिल्ह्यातील जलाबसरच्या शाळेत नाव होते ‘निरानाराम’ आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय साडेबारा वर्षे.

बारा वर्षांचा मुलगा असे क्रौर्य करील का, हा प्रश्न न्यायालयालाही अस्वस्थ करून गेला. पण पुराव्याच्या जागी तर्क बसवता येणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. नारायण आणि निरानाराम एकच, हे मान्य करून २७ मार्च २०२३ रोजी सुटकेचा आदेश झाला. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता, त्यातली बरीचशी वर्षे फाशीची वाट पाहत.

ही नव्या कायद्याची मेहेरबानी होती असेही नाही. सोळा वर्षांखालील मुलाला फाशी देता येणार नाही, हे १९८६ च्या बाल न्याय कायद्यातच होते. १९९४ मध्ये तो कायदा लागू होता.

म्हणून त्याचे शिक्षण आणि त्याच्यावरचा अन्याय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तो एक अक्षरही शिकला नसता, तरी अन्याय तेवढाच राहिला असता. त्याच्या पदवीचे कौतुक करताना तुरुंगाने माणूस घडवला असे म्हणणे, म्हणजे ज्या व्यवस्थेने वय तपासले नाही तिलाच शाबासकी देणे होय. तीन न्यायालयांनी तीनदा फाशीवर शिक्कामोर्तब केले, तेव्हाही ती जन्मतारीख शाळेच्या दप्तरात होतीच.