घडवलेल्या चेहऱ्याचे कारागीर

समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहून आपला देह उणा मानणाऱ्या आणि त्या उणेपणाच्या विचाराने झुरणाऱ्या मुलामुलींविषयीची काळजी आज घरोघरी ऐकू येते, आणि ती निराधार नाही; २०२१ साली फेसबुकचे अंतर्गत कागद वर्तमानपत्रांच्या हाती लागले, तेव्हा इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची स्वतःच्या शरीराविषयीची खंत वाढते, ही गोष्ट खुद्द त्या कंपनीच्याच दप्तरात नोंदलेली आढळली. परंतु घडवलेला चेहरा पुढे मांडावा आणि त्याच्यापाशी खऱ्या चेहऱ्याने खजील व्हावे, हा प्रकार काही काल-परवाचा नव्हे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचे जुने कारागीर नाटक मंडळ्यांच्या रंगपटात आणि फोटो स्टुडिओच्या मागल्या खोलीत सापडतात.

१८४३ साली सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तेव्हापासून स्त्रीची भूमिका पुरुषानेच करावयाची ही वहिवाट पडली आणि कुलीन स्त्रीला रंगमंच वर्ज्य असल्यामुळे ती इतकी दृढ झाली की ‘स्त्रीपार्ट’ करणे हा एक स्वतंत्र पेशाच होऊन बसला. गोड गळ्याचा, उजळ वर्णाचा, नाजूक बांध्याचा मुलगा हेरून मंडळीत ठेवून घ्यावा, त्याचे केस वाढवावेत, चालणे, बसणे, पदर सावरणे त्याच्या अंगी मुरवावे, आणि एके दिवशी त्याचा आवाज फुटला किंवा खांदे रुंदावले, म्हणजे त्याच्या जागी दुसरा मुलगा शोधावा, असा हा व्यवहार होता. ज्याच्या पोटापाण्याची सनद त्याच्या हनुवटीवर लिहिलेली आहे, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने सकाळी आरशात पाहताना काय शोधले असेल, हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ नको. नाट्येतिहासकार या मुलांच्या गळ्याविषयी भरभरून लिहितात. त्यांच्या झोपेविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले, १९११ मध्ये ‘मानापमाना’त भामिनी झालेले, आणि १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर १९१६ च्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी होऊन अवतरलेले हे नट पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांचे आदर्श बनले, त्यांच्या पदराची ठेवण, अंबाड्यावरील गजरा, नथ आणि दागिने यांचे अनुकरण लग्नमंडपांत आणि हळदीकुंकवांत होऊ लागले. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने ठरवावे आणि स्त्रियांनी ते आनंदाने मान्य करावे, यातली गंमत त्या काळच्या लोकांना कळत नव्हती असे नाही. मला मात्र वाटते की त्या हौसेच्या जोडीला थोडी धास्तीही असावी. कारण नाटकगृहातून मध्यरात्रीनंतर परतलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांत कोणती रुक्मिणी तरळते आहे, हे ओळखणे घरच्या रुक्मिणीला अवघड नव्हते. (त्याच १९१३ साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांना लुगडे नेसवावे लागले, म्हणजे पडद्यावरील आपली पहिली राणीही पुरुषच.)

काळाने खुद्द बालगंधर्वांनाही सवलत दिली नाही. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले खरे, पण त्यांचा जीव रंगमंचावर होता, आणि शरीर स्थूल झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीवेषात उभे राहत राहिले. पूर्वीचे रूप पाहिलेले रसिक हळहळत, आणि तरीही गाण्यासाठी येत.

नाटकाला निदान दर्शनी पडदा होता. तो पडला की रुक्मिणी संपे. छायाचित्राची गोष्ट निराळी. उपवर मुलीचा फोटो स्थळाकडे धाडण्याची पद्धत रूढ झाली, तसे स्टुडिओतील टचिंगवाल्याचे महत्त्व वाढले. निगेटिव्ह मागून उजेड येईल अशा उतरत्या चौकटीवर ठेवावी, भिंग डोळ्यांशी धरावे, आणि सुईसारख्या टोकाच्या कडक पेन्सिलीने गालांवर स्वल्पविरामासारखे बारीक फराटे ओढीत जावे, असे ते काम. निगेटिव्हमध्ये काळे ते छापील प्रतीत पांढरे होत असल्यामुळे शिशाच्या प्रत्येक फराट्यानिशी मुलगी उजळत जाई. देवीचे व्रण भरून निघत, डोळ्यांखालची वर्तुळे मावळत. आणि कंबर बारीक करावयाची तर धारदार पात्याने तेथला थर खरवडून ती मागच्या अंधारात मिसळून टाकीत. पुढे कांदेपोह्यांच्या दिवशी फोटो आणि मुलगी यांची ताळेबंदाप्रमाणे पडताळणी होई, आणि तफावतीचा बोजा टचिंगवाल्यावर नव्हे, मुलीवर पडे. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींनी ‘गोरी, सडपातळ’ ही मागणी छापील करून टाकली, आणि १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने तर तो वर्ण डबीतून विकावयास काढला.

तेव्हा जुना काळ निष्पाप होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. फरक आहे तो प्रमाणात आणि कारागिराच्या ठिकाणात. त्या काळी सामान्य स्त्रीचे आयुष्यात दोन-चार फोटो निघत, आणि तिच्या डोळ्यांसमोर येणारे सजवलेले चेहरे म्हणजे एखादी नटी, एखादे कॅलेंडर, फार तर एखादे मासिक. शेजारची मैत्रीण मात्र तिला रोज जशीच्या तशी दिसे. आज मैत्रीणच सजवलेली दिसते, दिवसाकाठी शंभरदा दिसते, खाली पसंतीचे आकडे घेऊन दिसते. आणि टचिंगवाला फोनच्या आतच बसलेला असल्यामुळे नितळ झालेली कातडी आपली की त्याची, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. कित्येक फोनांत समोरच्या कॅमेऱ्याची ही चेहरा-दुरुस्ती विकत घेतानाच चालू असे, म्हणजे गिऱ्हाइकाचा होकारही गृहीत धरलेला. २०२० साली गूगलने आपल्या नव्या पिक्सेल फोनांपासून ती मुळात बंद ठेवण्याचे जाहीर केले. ज्याला हवी असेल त्याने ती आपल्या हाताने चालू करावयाची.