रक्तातला अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक

मंडळी, या वीकएंडला थोडा इतिहास. राजे-महाराजे नाहीत, पण लढाया आहेत. काही आपल्या रक्तातल्या, आणि काही त्या रक्तावरून शास्त्रज्ञांमध्ये जुंपलेल्या.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. पण कॉम्प्लिमेंट सिस्टिमबद्दल (पुस्तकी मराठीत 'पूरक प्रणाली') वाचायला लागलो आणि तिच्या डिझाइननेच मला धरून ठेवलं. हे डिझाइन शोधणाऱ्या माणसाची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे.

सुरुवात १८९५ च्या आसपासची. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्डे नावाच्या बेल्जियन तरुणाने दाखवलं की जंतू मारायला रक्तद्रवातल्या दोन गोष्टी लागतात. एक टिकाऊ, म्हणजे अँटिबॉडी. दुसरी नाजूक, ५५-५६ अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवली की निकामी. या दुसरीला पॉल एर्लिखने 'कॉम्प्लिमेंट' म्हटलं. बोर्डेला १९१९ चं नोबेल मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की ही एक गोष्ट नसून कित्येक प्रथिनांची साखळी आहे. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी जंतूच्या पडद्याला चक्क भोक पडतं.

पण चित्र असं पक्कं झालं: आधी अँटिबॉडीने जंतू ओळखायचा, मगच कॉम्प्लिमेंटने हल्ला करायचा. आपल्या भाषेत, रिक्वेस्ट आल्याशिवाय सर्व्हर हलणार नाही. पन्नासेक वर्षं सगळे हेच शिकले आणि हेच शिकवत राहिले.

आता येतो आपला नायक. लुई पिलेमर, जन्म १९०८, जोहान्सबर्ग. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं. पुढे क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीत तो रक्तातली प्रथिनं शुद्ध करण्याचं काम करत होता. त्याच्या हाती एक साधं रसायन होतं, झायमोसन, म्हणजे यीस्टच्या पेशींचं कवच. ३७ अंशांना रक्तद्रवात झायमोसन घातलं की कॉम्प्लिमेंटचा तिसरा घटक, सी-३, खर्ची पडायचा. १७ अंशांना मात्र सी-३ शाबूत राहायचा. पिलेमरने मग तो १७ अंशांचा रक्तद्रव घेतला, त्यातलं झायमोसन काढून टाकलं, आणि ३७ अंशांना नवं झायमोसन घातलं. काहीच होईना! म्हणजे सी-३ होता, पण त्याला पेटवणारं काहीतरी पहिल्या झायमोसनला चिकटून निघून गेलं होतं. झकास डीबगिंग आहे की नाही?

त्या 'काहीतरी'ला त्याने नाव दिलं प्रॉपर्डिन, 'नाश करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. २० ऑगस्ट १९५४ ला 'सायन्स'मध्ये त्याचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. दावा असा की प्रॉपर्डिन अँटिबॉडीशिवायच कॉम्प्लिमेंट सुरू करू शकतं. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, आणि पिलेमर एकदम प्रसिद्ध झाला.

मग आला रिव्ह्यू :-) रॉबर्ट नेल्सन या शास्त्रज्ञाने १९५७-५८ च्या सुमारास आक्षेप घेतला की यात नवीन काहीच नाही. झायमोसनविरुद्धच्या थोड्या अँटिबॉडी प्रत्येकाच्या रक्तात असतात, थंड रक्तद्रवातून झायमोसनबरोबर त्याच निघून गेल्या असतील. प्रॉपर्डिनची गरजच नाही! आक्षेप खोडसाळ नव्हता. त्या काळच्या तंत्राने प्रॉपर्डिन पुरेसं शुद्ध करता येत नव्हतं, त्यामुळे त्यात अँटिबॉडीची भेसळ नाही हे ठामपणे सिद्ध करणं अवघड होतं. क्षेत्रातल्या बहुतेकांचा विश्वास उडत गेला.

३१ ऑगस्ट १९५७ ला पिलेमर वारला, झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने. वय ४९. या मृत्यूचं खापर वादावर फोडणं सोपं आहे, पण माणसाचं आयुष्य असं एका कारणावर चालत नाही, म्हणून मी ते करणार नाही. एवढं मात्र खरं की तो गेला तेव्हा त्याचं काम संशयाच्या भोवऱ्यात होतं.

त्याचा विद्यार्थी आणि सहकारी अर्विन लेपो याने नाद सोडला नाही. १९६८ मध्ये त्याने आणि इतरांनी प्रॉपर्डिन अत्यंत शुद्ध रूपात वेगळं करून दाखवलं. ते अँटिबॉडी नव्हतं, स्वतंत्र प्रथिन होतं. १९७० च्या दशकात अँटिबॉडीविना चालणारा हा 'पर्यायी मार्ग' पाठ्यपुस्तकात गेला. मात्र पिलेमरही शंभर टक्के बरोबर नव्हता. १९७५ मध्ये कळलं की प्रॉपर्डिनचं मुख्य काम सुरुवात करण्याचं नाही. सी-३ फोडणारं जे यंत्र काही मिनिटांतच विस्कटतं, त्याला प्रॉपर्डिन धरून ठेवतं. म्हणजे स्टार्टर नव्हे, अ‍ॅक्सिलरेटर.

मग स्टार्टर कुठे आहे? गंमत अशी की तो नाहीच! सी-३ रक्तात सतत थोडा थोडा आपोआप सक्रिय होत असतो आणि समोर येईल त्या पृष्ठभागाला चिकटतो, मग तो जंतू असो की तुमची स्वतःची पेशी. परवानगीची वाट पाहत नाही. म्हणजे डिफॉल्ट सेटिंग 'हल्ला' हे आहे. आपण जिवंत आहोत ते ब्रेक लागलेले आहेत म्हणून.

ब्रेक बरेच आहेत. फॅक्टर एच हे प्रथिन १९६५ मध्येच सापडलं होतं, पण ते करतं काय हे कळायला १९७६ उजाडलं. ते आपल्या पेशींवरच्या सायलिक आम्लासारख्या खुणा ओळखतं, तिथलं यंत्र मोडतं आणि फॅक्टर आयला सी-३ चा चिकटलेला तुकडा कापायला मदत करतं. शिवाय पेशींच्या अंगावर सीडी-५५ आणि सीडी-५९ हे ब्रेक जडवलेले असतात.

ब्रेक निकामी झाले तर? पीएनएच या दुर्मिळ आजारात काही लाल पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ नसतात. पेशी फुटतात आणि सकाळची लघवी गडद होते. १९३० च्या दशकात थॉमस हॅमने दाखवलं होतं की रक्तद्रव किंचित आम्ल केला की या पेशी फुटतात. त्याच्या परीक्षानळीत पर्यायी मार्गच चालू होता, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. २००५ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात तीन गटांनी सांगितलं की फॅक्टर एचमधल्या ४०२ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असेल, तर उतारवयात डोळ्यांचा मॅक्युला झिजण्याचा धोका वाढतो. शेकडो अक्षरांच्या साखळीत एक अक्षर वेगळं!

आणि व्हायरस? ते या ब्रेकची चक्क नक्कल करतात. १९८८ मध्ये गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की व्हॅक्सिनिया विषाणू (देवीच्या लसीतला) आपल्या ब्रेकसारखंच एक प्रथिन बनवून बाहेर सोडतो. बनावट ओळखपत्रच म्हणा ना. पुण्याच्या एनसीसीएसमध्येही विषाणूंच्या अशा प्रथिनांवर काम झालेलं आहे.

दुसरी बाजूही बघा. १९८२ मध्ये एका स्वीडिश कुटुंबाची नोंद झाली. तिथल्या काही पुरुषांच्या रक्तात प्रॉपर्डिनच नव्हतं, आणि मेनिंगोकॉकस या जंतूच्या संसर्गाने त्या घरात बळी घेतले होते. ज्या प्रथिनाच्या अस्तित्वावरच शंका होती, त्याच्या नसण्याने माणसं मेली. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

म्हणूनच आजची औषधं जपून दिली जातात. पीएनएचसाठी २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एक्युलिझुमॅब ही साखळी शेवटच्या टप्प्यावर थांबवतं. पेशी वाचतात, पण मेनिंगोकॉकसचा धोका वाढतो, म्हणून आधी लस टोचतात. मॅक्युलाच्या आजाराच्या एका प्रकारासाठी सी-३ लाच अडवणारं औषध २०२३ मध्ये आलं.

लेपोने १९८० मध्ये अमेरिकन इम्युनॉलॉजिस्टांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून भाषण केलं, तेव्हा विषय निवडला पिलेमर, प्रॉपर्डिन आणि वैज्ञानिक वाद. भाषणाचं व्यासपीठ मोठं, तिथे स्वतःच्या कामाबद्दल बोलता आलं असतं. तो गुरूबद्दल बोलला.

मला या गोष्टीत नेल्सन खलनायक वाटत नाही. त्याने प्रश्न विचारला, तो रास्त होता, आणि उत्तर द्यायला अकरा वर्षं आणि चांगली तंत्रं लागली. वाईट एवढंच वाटतं की ते उत्तर ऐकायला पिलेमर नव्हता.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.