शस्त्रक्रियोत्तर मळमळ व उलटी

शस्त्रक्रियोत्तर मळमळ व उलटी : शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत होणारी मळमळ, कोरडे उमाळे किंवा प्रत्यक्ष उलटी. प्रतिबंधक औषध न देता संपूर्ण भूल दिल्यास साधारणपणे दहांतल्या तिघांना हा त्रास होतो. भूल म्हटली की उलटी आलीच, असे नातेवाईक धरून चालतात आणि पुष्कळदा वॉर्डातही तसेच मानले जाते. ईथरच्या काळात ते खरे होते. आज मात्र त्रास कोणाला होण्याचा संभव अधिक, हे रुग्ण टेबलावर येण्याआधीच बऱ्यापैकी सांगता येते. त्यामुळे उलटी होण्याची वाट पाहून मग इंजेक्शन देण्याची पद्धत समर्थनीय राहिलेली नाही. तक्रार किरकोळ आहे, असेही म्हणता येत नाही. भुलीनंतर काय टळावे, असे १९९९ च्या एका अमेरिकन पाहणीत विचारले असता रुग्णांनी उलटीला वेदनेच्याही वर स्थान दिले होते.

उलटी घडवून आणणारी यंत्रणा लंबमज्जेत असते. तिच्यालगतच्या एका लहानशा भागात रक्त आणि मेंदू यांमधला अडसर जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तात आलेले परके द्रव्य तेथे चटकन ओळखले जाते. विषबाधेत पोट रिकामे व्हावे म्हणून असलेली ही सोय भुलीच्या वायूलाही विषच समजते. शिवाय आतड्यातून सिरोटोनिनमार्फत आणि अंतर्कर्णातून मुख्यतः हिस्टामिनमार्फत वेगळे संदेश येतात. मॉर्फीन, फेंटॅनिल ही अफूवर्गीय वेदनाशामके मेंदूतला हा भाग चेतवतात, आतडे मंदावतात आणि कूस बदलताना गरगरायलाही लावतात. वाटा इतक्या असताना एकाच औषधाने सगळ्या बंद होतील, ही अपेक्षा चुकीची ठरते.

धोका मोजण्याची सर्वांत सुटसुटीत रीत जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आपफेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास किंवा गाडी लागण्याची सवय असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषधे लागणे, हे चार घटक त्यांनी धरले. एकही नसल्यास धोका सुमारे १० टक्के. पुढे एकेका घटकागणिक तो २०, ४०, ६० व ८० टक्क्यांपर्यंत चढतो. (धूम्रपानाचा हा एवढाच लाभ, तो कोणी सुचवू नये.) महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया अत्यल्प आहेत आणि या मोजणीत मिश्री धरलेली नाही. म्हणजे पित्ताशय काढून घ्यायला आलेल्या येथील बहुतेक स्त्रियांचे दोन गुण आधीच भरलेले असतात. मॉर्फीन लिहिले की तिसरा. ज्यांना आपण ‘सर्वसाधारण रुग्ण’ म्हणतो, त्यांच्यातला मोठा वर्ग असा अधिक धोक्याचाच निघतो.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन व ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येकाने धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटवला. वायूऐवजी प्रोपोफॉलवर भूल राखल्यास १९ टक्के घट झाली. हे परिणाम एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने ६० टक्क्यांचा धोका दोन औषधांनी साधारण ३३ वर, तीनांनी २४ वर येतो. मग सर्वांनाच औषधे का देऊ नयेत? कारण मूळ धोका १० टक्के असेल, तर एका औषधाचा उपयोग शंभरांत दोघातिघांनाच होतो. ८० टक्के असेल, तर सुमारे एकविसांना. डोकेदुखी, बद्धकोष्ठता, ईसीजीतील क्यूटी अंतर लांबणे हे दुष्परिणाम कमी धोक्याच्या रुग्णावर लादण्यात अर्थ नाही. डेक्सामेथासोनने जखम चिघळेल, ही शल्यचिकित्सकांची जुनी भीती २०२१ च्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने पुष्कळशी दूर केली: ८ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने जखमेतील जंतुसंसर्ग वाढला नाही. मधुमेहींची साखर मात्र चढते, ती तपासावी लागते. अफूवर्गीय औषधे कमी करणे म्हणजे रुग्णाला कळा सोसायला लावणे, हा आक्षेपही टिकत नाही. पॅरासिटामॉल आणि नस बधिर करणारी इंजेक्शने बरीचशी वेदना सांभाळतात. डेक्सामेथासोन भूल चढल्याबरोबर आणि ऑन्डान्सेट्रॉन शस्त्रक्रिया संपताना देतात.

एवढे करूनही उलटी झालीच, तर सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा देण्याने फारसे साधत नाही. वेगळ्या गटातले द्यावे लागते. त्याआधी रक्तदाब पाहावा, कारण कमरेतून दिलेल्या भुलीनंतरच्या मळमळीमागे अनेकदा तो उतरलेला असतो. साखर उतरणे, आतडे अडणे, आत रक्तस्राव होणे यांचीही शंका घ्यावी लागते. घरी सोडलेल्या रुग्णाला हा त्रास प्रवासात सुरू होऊ शकतो, म्हणून जास्त धोका असलेल्यांना तोंडात विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बरोबर दिली जाते.