कोल्हापूरची कुस्ती : मातीकडून गादीकडे

कोल्हापूर परिसरात तांबड्या मातीच्या आखाड्यात वाढलेल्या कुस्तीने स्वातंत्र्योत्तर काळात गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे रूप हळूहळू अंगी घेतले. ऑलिंपिकपासून राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत सगळीकडे गादी होती आणि खेळाडूंसाठी राखीव सरकारी नोकऱ्याही त्याच वाटेने मिळत, तेव्हा मातीला आपल्या लोकप्रिय प्रतिस्पर्ध्यासारखे व्हावेसे वाटणे साहजिकच होते. हा बदल सहसा माती विरुद्ध मॅट असा सांगितला जातो. पण पायाखाली काय अंथरले आहे हा त्यातला लहान भाग आहे. जिंकणे कशाला म्हणायचे, हेच मुळात बदलले. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले खासबाग मैदान 1912 साली खुले झाले, तेव्हा कुस्ती निकाली होत असे. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवली. मधले काही मोजायचे नसे.

न मोजण्यातूनच मातीच्या कुस्तीचा डौल आला होता. हौद्यातली माती हळद, ताक, तेल, लिंबू आणि कापूर घालून मुरवलेली असते. घामाने अंग निसटू लागले की पैलवान मूठभर माती उचलून स्वतःच्या आणि समोरच्याच्याही अंगाला लावतो, म्हणजे पकड बसते. मऊ मातीत पाय रुततात, त्यामुळे खडाखडी लांबते. खाली आलेल्याच्या वर बसून, त्याचा दम निघेपर्यंत घिस्सा डावाची वाट पाहता येते. लांगेला हात घालणे येथे चालते, गादीवर ते निषिद्ध आहे. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती; ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. खाली काही क्षण हालचाल झाली नाही तर पंच दोघांना उभे करतात. दम राखून ठेवणाऱ्याला या घड्याळात जागा नाही. पहिल्या झटक्याला पटात शिरणारा, म्हणजे समोरच्याचे पाय धरणारा, तिथे शहाणा.

माती अजून शाबूत आहे, महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा असतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. ते खरे आहे. मात्र त्या विभागातही वेळ लावलेली असते आणि गुण दिले जातात, आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांची अंतिम लढत गादीवर होते. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीवरून मोठा वाद पेटला. लढत माती विभागातली होती आणि वाद टांग डावाला दिलेल्या चार गुणांचा होता. निकाली कुस्तीत असा वाद उद्भवूच शकला नसता. मातीने गादीची केली तशी नक्कल व्हिडिओ गेमच्या जगातही नेहमी होते. शेवटी उरेल तो जिंकेल अशा बॅटल रॉयल प्रकारच्या पबजीचा बोलबाला झाल्यावर 2018 मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेममालिकेने एकट्याने खेळायची मोहीम गाळून बॅटल रॉयल आणले आणि 2019 च्या भागात मोहीम परतही आणली. गेमला पुढचा भाग काढून मागे फिरता येते. तालमीला तशी सोय नाही, कारण डाव वस्तादाच्या हातातून पोराच्या अंगात उतरतो आणि एक पिढी चुकली की तो हरवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पदके हवी असतील तर गादी हवीच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 मध्ये ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा त्यांना गादीचा सराव नव्हता. ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकून आले. मातीत घडलेले अंग गादीवर चालते, हे या दोघांनी दाखवून दिले. त्या काळी गादीवरची लढतही आजच्यापेक्षा लांब चाले, त्यामुळे मातीतला दम तिथे उपयोगी पडे. पुढे गादीचेच नियम वरचेवर बदलत गेले. 2005 ते 2013 दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या, त्याही गेल्या. नक्कल करणारा अशा वेळी नेहमी एक पाऊल मागेच राहतो. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक 72 वर्षांनी, 2024 मध्ये मिळाले. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने आणले, पण नेमबाजीत. कुस्तीतली पदके सुशील कुमारपासून अमन सेहरावतपर्यंत दिल्ली-हरियाणाच्या आखाड्यांत गेली.

तिकडे पोर लहान वयात गादीवर उतरते आणि वजनगट धरून वाढते. कोल्हापुरात घड्याळ आणि गुण उचलले गेले, वजनाचा हिशेब मात्र जुनाच राहिला. पैलवानाचा खुराक अजून जत्रेच्या मैदानांवर निघतो, आणि तिथे जोड इनामावर लागते, वजनगटावर नाही. मोठ्या इनामाला थोराड अंग लागते. महाराष्ट्र केसरीची मानाची गदाही 86 ते 125 किलोच्या गटालाच मिळते. खाशाबांनी पदक जिंकले ते 57 किलोच्या गटात. आज तेवढ्या वजनाचा गुणी पोरगा गंगावेस किंवा शाहूपुरी तालमीत आला, तर वस्तादाने त्याला आधी वजन वाढवायला सांगावे, असाच इथला सगळा व्यवहार आहे. त्याच 57 किलोत अमन सेहरावतने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले.