बी.एस्सी. नर्सिंग : उत्तीर्णता व सत्रप्रगतीचे नियम (नागपूर)

बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात परीक्षेला बसणे, विषयात उत्तीर्ण होणे, पुढच्या सत्रात जाणे आणि अखेर पदवी मिळवणे यांसाठीची पात्रता ठरवणारे नियम. नागपुरातील महाविद्यालयांना हे नियम दोन ठिकाणांहून येतात. किमान निकष नवी दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद ठरवते; परीक्षा, गुणपत्रक आणि निकाल ही कामे नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ करते. नियमांचे सूत्र थोडक्यात असे : राहिलेला विषय काही काळ पुढे नेता येतो, वॉर्डात न भरलेले तास मात्र माफ होत नाहीत.

पार्श्वभूमी

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली आणि अभ्यासक्रमाचा देशभर एकच आराखडा ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. नागपुरात पूर्वी शिक्षणाचा मुख्य मार्ग रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग स्कूलचा, म्हणजे पदविकेचा होता. १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील आरोग्यविषयक पदवी अभ्यासक्रम पारंपरिक विद्यापीठांकडून त्याच्याकडे आले. या विद्यापीठाचे विभागीय केंद्र नागपुरात आहे.

शहरात शासकीय परिचर्या महाविद्यालयाबरोबरच खासगी आणि मिशनरी संस्थाही आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा परिचर्या महाविद्यालय आणि सावंगी (मेघे) येथील राधिकाबाई मेघे स्मृती परिचर्या महाविद्यालय आहे. सावंगीची संस्था अभिमत विद्यापीठाखाली येते, त्यामुळे तिथली परीक्षा नाशिकची नसते. परिषदेचे किमान निकष मात्र तिलाही चुकत नाहीत. तीन वर्षांच्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविकेची परीक्षा राज्याचे स्वतंत्र मंडळ घेते. तिचे नियम वेगळे असून ते या नोंदीत घेतलेले नाहीत.

वार्षिक पद्धतीकडून सत्रपद्धतीकडे

२०२०-२१ पर्यंत प्रवेश घेतलेल्या तुकड्या वार्षिक पद्धतीने शिकल्या. त्या पद्धतीत दोनपेक्षा जास्त विषय राहिले तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळत नसे. मागच्या वर्षाची परीक्षा निघाल्याशिवाय पुढच्या वर्षाच्या परीक्षेलाही बसता येत नसे. परिषदेने सुधारित विनियम जुलै २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केले आणि २०२१-२२ च्या प्रवेशापासून आठ सत्रांची, क्रेडिटवर आधारलेली पद्धत लागू झाली. वर्ष वाया जाण्याचा धोका त्यामुळे कमी झाला. त्याच्या जागी ठरावीक टप्प्यांवर परीक्षा अडवणारे नियम आले.

आठवे सत्र सोडता एक सत्र २० आठवड्यांचे, आठवडा ४० तासांचा. क्रेडिटचा हिशेब असा : आठवड्याला एक तास सिद्धांत, दोन तास प्रयोगशाळा किंवा चार तास रुग्णसेवा म्हणजे एक क्रेडिट. म्हणजे सत्रभरात सिद्धांताचे एक क्रेडिट २० तासांचे होते आणि रुग्णसेवेचे ८० तासांचे. नर्सिंग फाउंडेशन या पहिल्याच मुख्य विषयात पहिल्या सत्रात १२० तास सिद्धांत, ८० तास प्रयोगशाळा आणि १६० तास वॉर्ड असे प्रमाण आहे.

हजेरी

परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी प्रत्येक विषयात सिद्धांत आणि प्रात्यक्षिक अशी दोन्हीकडे किमान ८० टक्के हजेरी लागते. गैरहजेरीचे कारण विचारात घेतले जात नाही. आजारपण, घरचे लग्न आणि नुसती दांडी या तिन्हींची नोंद सारखीच होते. तीन क्रेडिटच्या, म्हणजे ६० तासांच्या विषयात ४८ तास भरावेच लागतात.

वॉर्डासाठी दुसरी, अधिक कडक अट आहे. पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक क्षेत्रात १०० टक्के हजेरी पूर्ण झालेली असली पाहिजे. नर्सिंग फाउंडेशनच्या १६० तासांपैकी १२८ तास भरलेली विद्यार्थिनी परीक्षेला बसू शकते, पण उरलेले ३२ तास, म्हणजे आठ-आठ तासांच्या चार ड्यूट्या, तिला नंतर भरून द्याव्याच लागतात. भरपाईही त्याच प्रकारच्या वॉर्डात व्हायला हवी. बालरोग विभागातले तास शस्त्रक्रिया विभागात भरून चालत नाहीत.

नागपुरात ही पोस्टिंग मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला शहरात सगळे ‘मेडिकल’ म्हणतात आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला ‘मेयो’. डागा स्मृती रुग्णालय स्त्रिया आणि प्रसूतीसाठी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक. सामुदायिक आरोग्य परिचर्येसाठी विद्यार्थी ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातात. एकाच क्षेत्रात एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या तुकड्या असतात. त्यामुळे बुडालेली ड्यूटी पुन्हा मिळण्यासाठी विद्यार्थ्याची सोय बघून भागत नाही, वेळापत्रकात जागाही असावी लागते.

अंतर्गत मूल्यमापन

बहुतेक सिद्धांत विषयांत १०० पैकी २५ गुण महाविद्यालयाकडे आणि ७५ विद्यापीठाकडे असतात. या २५ पैकी १५ गुण सत्रांतर्गत चाचण्यांचे आणि १० गुण सततच्या मूल्यमापनाचे. सततच्या मूल्यमापनात लेखी स्वाध्याय, सेमिनार, गटप्रकल्प यांच्याबरोबर हजेरीही मोजली जाते. मूळ ३० गुणांना तीनने भागून हे १० गुण काढतात आणि त्या ३० मध्ये हजेरीचे दोन गुण असतात : ९५ ते १०० टक्क्यांना २, ९० ते ९४ ला दीड, ८५ ते ८९ ला १ आणि ८० ते ८४ ला अर्धा. आकडा लहान दिसतो. पण त्यामुळे ८० टक्क्यांवर काठावर उभा असलेला विद्यार्थी आणि रोज येणारा विद्यार्थी यांच्यात फरक राहतो.

प्रात्यक्षिकाच्या अंतर्गत गुणांत वॉर्डातील कामगिरी, केअर प्लॅनसारखे स्वाध्याय, पोस्टिंगच्या शेवटची ओएससीई (ठरावीक टप्प्यांवर कौशल्ये तपासणारी परीक्षा) आणि ठरवून दिलेल्या प्रोसिजर पूर्ण करणे यांचा समावेश होतो. विद्यार्थ्याच्या नोंदवहीत प्रत्येक प्रोसिजरपुढे शिक्षिकेची सही लागते. सही नसेल तर ती प्रोसिजर झाली असे धरत नाहीत.

महाविद्यालयांनी अंतर्गत गुण सढळ हाताने वाटू नयेत म्हणून परिषदेने एक वरची मर्यादाही घातली आहे. तुकडीच्या अंतर्गत गुणांची सरासरी एकूण अंतर्गत गुणांच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ही अट एकेका विद्यार्थ्याला नाही, संपूर्ण तुकडीला लागू होते.

उत्तीर्णतेचे निकष

प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात. कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आणि ऐच्छिक मोड्यूल यांना ४० टक्के पुरतात. प्रथमोपचारासारखी अनिवार्य मोड्यूल विषयांच्या आतच गुंफलेली असून तीही प्रत्येकी ५० टक्क्यांनी पार करावी लागतात.

पण एकूण गुण ५० झाले एवढ्याने भागत नाही. अंतर्गत आणि बाह्य परीक्षा वेगवेगळी उत्तीर्ण व्हावी लागते, तसेच सिद्धांत आणि प्रात्यक्षिकही. अंतर्गत २५ पैकी २० आणि विद्यापीठाच्या ७५ पैकी ३२ मिळाले, तर बेरीज ५२ होते. तरीही विषय राहतो, कारण ३२ हे ७५ च्या निम्म्याहून कमी आहेत. सिद्धांत किंवा प्रात्यक्षिक यांपैकी एकातच अपयश आले तरी दोन्हींची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वॉर्डातली परीक्षा हुकलेल्या विद्यार्थ्याला चांगल्या गुणांनी निघालेला लेखी पेपरही नव्याने लिहावा लागतो.

कृपागुण जास्तीत जास्त पाच मिळतात, तेही सत्रात एकच विषय राहिला असेल आणि त्या गुणांमुळे संपूर्ण सत्र निघत असेल तरच. हे गुण सिद्धांताच्या गुणांत मिळवायचे असतात. प्रात्यक्षिकात कमी पडलेल्याला त्यांचा आधार नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा प्रत्यक्ष वॉर्डातच घ्यावी लागते. एक अंतर्गत आणि एक बाह्य परीक्षक मिळून ती घेतात आणि एका दिवसात २० पेक्षा जास्त विद्यार्थी तपासता येत नाहीत.

पुढच्या सत्रात प्रवेश

विषय राहिला तरी पुढच्या सत्राच्या वर्गात आणि वॉर्डात बसता येते. विद्यार्थी याला एटीकेटीच (‘अलाउड टू कीप टर्म्स’) म्हणतात. अडवणूक वर्गाच्या दारात होत नाही, परीक्षेच्या अर्जापाशी होते, आणि तिचे टप्पे ठरलेले आहेत :

१. पाचव्या सत्राच्या परीक्षेपूर्वी आधीच्या सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या असाव्यात.
२. सातव्या सत्राच्या परीक्षेपूर्वीही हीच अट.
३. अंतिम परीक्षेपूर्वी मागचे काहीही राहिलेले नसावे.
४. पूर्ण अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत संपला पाहिजे.

उदाहरणार्थ, दुसऱ्या सत्रात उपयोजित जीवरसायनशास्त्र व पोषणशास्त्राचा पेपर राहिलेली विद्यार्थिनी तिसरे आणि चौथे सत्र तुकडीबरोबरच करते, त्यांच्या परीक्षाही देते आणि राहिलेल्या पेपरसाठी पुन्हा बसते. तो पेपर पाचव्या सत्राच्या परीक्षेपर्यंत निघाला नाही, तर ती बालआरोग्य परिचर्येच्या वर्गात असते, मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगला जाते, तिचे तास नोंदवले जातात. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेच्या यादीत तिचे नाव नसते. पेपर निघाल्यावर पाचव्या सत्राची परीक्षा तिला पुढच्या फेरीत द्यावी लागते आणि सातव्या सत्राचा टप्पा तिच्या अधिक जवळ आलेला असतो.

या साखळीत काही विषय जोडविषय असल्याने हिशेब थोडा गुंतागुंतीचा होतो. नर्सिंग फाउंडेशन भाग १ चे गुण दुसऱ्या सत्रातील भाग २ च्या अंतर्गत गुणांत जातात; औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र यांचे पहिले भागही तसेच तिसऱ्यातून चौथ्या सत्रात जातात. पहिल्या भागातली ढिलाई त्यामुळे सहा महिन्यांनी गुणपत्रकात दिसते. महाविद्यालय स्तरावर होणाऱ्या विषयांचे, म्हणजे नर्सिंग इन्फर्मेटिक्स, व्यावसायिक मूल्ये व नीतिशास्त्र आणि न्यायवैद्यक परिचर्या यांचे गुण महाविद्यालय विद्यापीठाकडे पाठवते.

श्रेणी व वर्ग

गुणांचे रूपांतर दहा बिंदूंच्या श्रेणीत होते. सर्वोच्च श्रेणी ‘ओ’ हिला १० बिंदू, ५० टक्क्यांवरच्या ‘सी’ला ५, इंग्रजी व ऐच्छिक मोड्यूलसाठीच्या ‘पी’ला ४ आणि अनुत्तीर्णाला शून्य. सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, काढताना प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि बिंदू यांचा गुणाकार करून बेरजेला एकूण क्रेडिटने भागतात. समजा ६, ३ आणि ३ क्रेडिटच्या तीन विषयांत अनुक्रमे ७, ५ आणि ८ बिंदू मिळाले, तर ४२, १५ आणि २४ मिळून ८१. त्याला १२ ने भागल्यावर ६.७५. इंग्रजी आणि ऐच्छिक मोड्यूल या सरासरीत धरत नाहीत.

सर्व सत्रांच्या सरासरीवरून सीजीपीए निघतो. ७.५ आणि त्याहून अधिक असल्यास विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग, ६ ते ७.४९ प्रथम वर्ग आणि ५ ते ५.९९ द्वितीय वर्ग. गुणवत्ताक्रमासाठी पहिल्याच प्रयत्नात सगळे विषय काढलेल्यांचाच विचार होतो. एकदा विषय राहिला, की पुढे कितीही गुण मिळवले तरी क्रमवारीत नाव येत नाही.

आंतरवासिता व नोंदणी

आठवे सत्र संपूर्णपणे आंतरवासितेचे असते : २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण १,०५६ तास. त्यात प्रौढ आरोग्य परिचर्येला ६ आठवडे आणि सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, मानसिक आरोग्य व प्रसूतिविद्या यांना प्रत्येकी ४ आठवडे दिलेले आहेत. या काळात विद्यार्थी सकाळ, दुपार आणि नाईट अशा पाळ्या करतात. सत्राअखेर या पाचही क्षेत्रांतील कौशल्यांची परीक्षा होते. सिद्धांताचा नवा पेपर नसल्याने हे सत्र सोपे वाटते, पण मागच्या सत्रांतले भरायचे राहिलेले तास याच सुमारास समोर येतात. चार वर्षे सगळे पेपर वेळेवर काढलेल्या विद्यार्थ्याचीही पदवी काही ड्यूट्यांसाठी अडू शकते.

पदवीनंतर १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि सुईण म्हणून नोंदणी करावी लागते. तिच्याशिवाय राज्यात परिचारिका म्हणून काम करता येत नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला. १९४७ च्या कायद्याखालील परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद त्यात असून, अभ्यासक्रम आणि परीक्षांचे किमान निकष ठरवणे हे त्या आयोगाचे काम असेल.